काय खाऊ नये ते सांगणारी बाई

"उपाशीपोटी या," हे आमच्या कामातलं पहिलं वाक्य. कोलेस्टेरॉल तपासायचं तर रात्रीच्या जेवणानंतर बारा तास पाण्याशिवाय पोटात काही जाऊ द्यायचं नाही आणि मग रक्त द्यायचं. एवढं साधं काम. लातुरात मी हे वाक्य पहिल्यांदा ज्यांना सांगितलं ते काशिनाथअप्पा, आडत बाजारातले मोठे व्यापारी, सोमवारी सकाळी कपाळभर भस्म लावून प्रसन्न चेहऱ्यानं येऊन बसले.

"उपाशी आहात ना अप्पा?"

"हाव. सोमवार हाय ना. कडक उपास."

"म्हणजे काहीच खाल्लं नाही?"

"न्हाई. पूजा झाल्यावर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, शेंगदाण्याचे दोन लाडू खाल्ले, वरून दूध घेतलं. अन्नाचा कण म्हणाल तर न्हाई."

त्या दिवसापासून मी "उपाशी" हा शब्दच सोडला. "उठल्यापासून तोंडात काही घालू नका, देवाचा प्रसादसुद्धा नको," असं सांगायला लागले.

माझं माहेर हदगावचं. परभणीला गृहविज्ञान शिकले, लग्न करून नांदेडला आले. यजमान जिल्हा परिषदेत कारकून. लातूर नवीन जिल्हा झाला आणि त्यांची बदली तिकडं झाली. गावभर भाड्याच्या घरांतून कचेऱ्या थाटलेल्या. पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून त्यावर लातूर रंगवलेलं, पण खरवडणारे घाईत असावेत, कारण बऱ्याच पाट्यांवर दोन्ही नावं दिसायची. अर्ज कुठं द्यायचा हे अर्ज घेणाऱ्यालाही ठाऊक नसे. त्या गोंधळात एका नव्या खाजगी दवाखान्यात मला काम मिळालं. तिथले डॉक्टर हृदयाचे आजार बघत. त्यांना पेशंटला पथ्य समजावून सांगणारं माणूस हवं होतं. "आहारतज्ज्ञ" हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नव्हता. लोक मला पथ्यवाली बाई म्हणत.

हे काम बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही. माणसाला काय खाता म्हणून विचारलं की तो आपण काय खायला पाहिजे ते सांगतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला तसंच आठवत असतं. म्हणून मी सोबत आलेल्या बाईला विचारायची, "घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं?" डब्यातलं तेल माणसांत वाटलं की निम्मं खरं बाहेर येई. बाकीचं वाटी, चमचा, भाकरीचा आकार बघून काढायचं.

कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातला मेणासारखा एक पदार्थ. शरीराला तो लागतोच, पण जास्त झाला की रक्तवाहिन्यांच्या आतून त्याचा थर धरतो, वाट अरुंद होते आणि एक दिवस हृदयाचा पुरवठा तुटतो. त्यातला बराचसा भाग आपलं शरीर स्वतःच तयार करतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण समोर पेशंट बसला की मला फक्त त्याचं ताट दिसे.

अप्पांच्या ताटात दिसण्यासारखं पुष्कळ होतं. रक्त तपासून आकडा आला तेव्हा ते चिडलेच. "बाई, आमच्या सात पिढ्यांत कुणी अंड्याला शिवलं न्हाई. हे कोलेस्टेरॉल आमच्यात आलं कुठून?" मी त्यांना तुपाचं, सायीचं, तळणाचं गणित समजावलं. तूप बंद केलं. पुरणपोळीवर काय घ्यायचं, असं त्यांच्या पत्नीनं विचारलं तेव्हा, सणासुदीला थोडं वनस्पती तूप चालेल, असं मी सांगितलं. डब्यावर वनस्पती लिहिलेलं, म्हणजे प्राण्याचं काही नाही, असा माझा हिशोब. आणि रोज सकाळी गंजगोलाईला, म्हणजे गावातल्या गोल बाजारपेठेला, पाच फेऱ्या मारायला लावल्या.

गोलाईत सगळी दुकानं ओळखीची. अप्पा पायी चाललेत म्हटल्यावर लोक धावत बाहेर येत, "काय झालं, गाडी बिघडली काय?" असं विचारत आणि बसवून चहा पाजत. महिन्याभरात अप्पांचं वजन दीड किलोनं वाढलं. तरी तीन महिन्यांनी त्यांचा आकडा उतरला. मी तो कागद डॉक्टरांना अभिमानानं दाखवला.

त्याच आठवड्यात सोनकांबळे सर आले.

औशाच्या बाजूच्या एका खेड्यात ते प्राथमिक शाळेवर होते. चौतिशीचे, उंच, काटकुळे, इस्त्रीचा पांढरा सदरा. घरात नोकरीला लागलेले पहिलेच. वडील चाळिशीत शेतात काम करता करता गेले होते. थोरला भाऊ अडतिसाव्या वर्षी बसस्टँडवर उभा होता, छातीत कळ आली म्हणाला आणि खाली बसला तो उठलाच नाही. म्हणून सर स्वतःहून तपासून घ्यायला आले. मराठवाड्यातला धडधाकट माणूस आपण होऊन दवाखान्याची पायरी चढतो, हे तोवर मी पाहिलं नव्हतं.

त्यांचा आकडा अप्पांच्या आकड्याच्या कितीतरी वर होता. मी लॅबवाल्याला पुन्हा तपासायला लावलं. तोच आला.

मी नेहमीचा तक्ता दिला. तूप, साय, अंडी, मटण, तळण बंद. हिरव्या पालेभाज्या, सालीसकट फळं, मोड आलेली कडधान्यं रोज. रोज चार मैल चालणं किंवा सायकल. सरांनी तक्ता वहीत घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "सायकल रोज चौदा मैल होते म्याडम. जास्त करू का?"

तीन महिन्यांनी आकडा जिथल्या तिथं. मला राग आला. खरं म्हणजे राग नव्हता, कागद खोटा पडल्याची लाज होती, पण तेव्हा ती मला रागासारखी वाटली.

"सर, तुम्ही शिक्षक आहात," मी म्हणाले. "विद्यार्थी खोटं सांगायला लागला तर तुम्ही काय करता?"

सरांनी वहीतला तक्ता काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आधी त्याचं ऐकून घेतो, म्याडम."

मी ऐकलं नाही. घरी येऊन बघणार म्हणून सांगितलं आणि रविवारी एस.टी.नं गेलेसुद्धा. खरं सांगायचं तर पकडायलाच गेले होते.

दुष्काळाचं वर्ष होतं. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, बोडकी रानं, गावात टँकरची वाट बघत ठेवलेल्या घागरी. सरांची दोन खोल्यांची जागा सारवून लख्ख केलेली. मी सरळ चुलीपाशी गेले. सरांच्या बायकोचं नाव कमल. तिनं विचारायच्या आत डबे उघडून दाखवले. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट-मीठ. तेल सरबताच्या जुन्या बाटलीत, तळाशी दोन बोटं.

"हे किती दिवसांचं?"

"महिन्याचं. आणिक आठ दिवस काढायचे हायेत."

घरात माणसं चार, आणि सरांचा निम्मा पगार गेलेल्या भावाच्या पोरांकडं जायचा. मी मनातल्या मनात भागाकार केला. दीडशे लोकांच्या पंगतीचा हिशोब चुटकीसरशी करणारी मी, त्या बाटलीपुढं माझं गणित संपलं.

तेवढ्यात सर बाहेरून आले आणि तांब्याभर पाण्यात काटकसरीनं पाय धुवायला लागले. त्यांच्या टाचेच्या मागची शीर अंगठ्याएवढी जाड दिसली. मी विचारलं तर म्हणाले, "सायकलनं झाली असंल."

कमलवहिनी आतून म्हणाल्या, "सायकल कसली. ह्यांच्या भावाला बी असंच होतं, त्यांला तर सायकल येतच नव्हती."

मला त्याचा अर्थ कळला नाही. पण दुसऱ्या दिवशी, बोलण्याच्या ओघात, मी ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. सरांना बोलावून घेतलं, टाचा पाहिल्या, बोटांची पेरं दाबून पाहिली, बॅटरी मारून डोळ्याच्या बुबुळाभोवतीची फिकट कडा पाहिली. नंतर मला आत बोलावलं.

"बाई, हे त्यांच्या ताटात नाही. रक्तातच आहे, बापाकडून आलेलं. ह्यांचं यकृत कोलेस्टेरॉल रक्तातून उचलतच नाही नीट. ते टाचेत साठलंय, तसंच आतही साठत असणार."

"मग माझं पथ्य?"

"पथ्य ठेवायचंच. दुसरं काय आहे आपल्या हातात?"

तेव्हा खरंच दुसरं फारसं नव्हतं. मुंबईहून मागवावी लागणारी, कोलेस्टेरॉल उतरवणारी एक पूड होती, ती सरांच्या पोटाला झेपली नाही. पंधरा दिवसांत सोडावी लागली.

इथं मी शहाणं व्हायला हवं होतं. उलट घाबरले. बापाची चाळिशी, भावाची अडतीस वर्षं माझ्या डोक्यात घर करून बसली होती. दोष ताटात नाही हे कळूनही मी ताटच आवळत गेले, कारण मला तेवढंच येत होतं. तेल आणखी कमी केलं. शेंगदाण्याचं कूट बंद. महिन्यातून एकदा होणारं मटण बंद. चहातलं दूधसुद्धा बंद. तक्त्यातल्या पालेभाज्या आणि फळं मात्र तशीच ठेवली. त्या वर्षी लातूरच्या बाजारात मेथीची जुडी औषधालाही मिळत नव्हती. खेड्यात तर ती बघायलाही नव्हती. म्हणजे नको लिहिलेलं सगळं गेलं आणि हवं लिहिलेलं काही आलं नाही. उरली भाकरी, वरणाचं पाणी आणि मिरची. वर चौदा मैल सायकल.

सर जगावेगळे आज्ञाधारक होते. अप्पांसारखी त्यांनी थोडी जरी लबाडी केली असती तरी निभावलं असतं.

एका सकाळी शाळेत प्रार्थना चालू असताना ते व्हरांड्यातच कोसळले. पायरी लागून कपाळ फुटलं. पोरांनी आरडाओरडा केला, सर गेले म्हणून बातमी गावात पोचली आणि कमलवहिनी खडीच्या कामावरून अनवाणी धावत आल्या. दीर बसस्टँडवर गेला तेव्हाही त्यांना असंच बोलवायला माणूस आला होता. सर शुद्धीवर येऊन भिंतीला टेकून बसले होते. छातीत काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी टाके घातले, हृदयाची ईसीजी पट्टी काढली आणि निदान सांगितलं. उपासमार.

तो शब्द ऐकून मी पथ्याच्या खोलीत येऊन बसले. समोर भिंतीवर माझ्याच हातानं रंगवलेला तक्ता, लाल रंगात "वर्ज्य", हिरव्या रंगात "घ्यावे". थोड्या वेळानं कमलवहिनी आत आल्या. पायांना खडीची धूळ तशीच होती. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "काय खाऊ नये ते तुम्ही लई सांगितलं. आता ह्यांना काय खाऊ घालू ते सांगा."

पाच वर्षं शिकले, एवढे पेशंट पाहिले, आणि त्या एका बाईला मला एक पदार्थ सांगता येईना. शेवटी मीच विचारलं, "वहिनी, तुमच्याकडं मिळतं काय?"

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि बोटांवर मोजत सांगायला लागल्या. ज्वारी आहे. हरभरे थोडे आहेत. मटकी आहे. जवस आहे, कारळं आहेत, त्याची चटणी करतात, पण ती तेलाची बी म्हणून माझ्या पथ्यात चालणार नाही असं वाटून सरांना वाढली नव्हती. टँकरचं पाणी सांडतं तिथं घोळीची भाजी उगवते. अंबाडी वाळवून ठेवलेली आहे. करडई कोवळी असताना तिची भाजी होते. "पर ते गरिबाचं खाणं हाय. तुमच्या कागदात न्हाई."

खरंच नव्हतं. माझ्या कागदात सफरचंद होतं.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून नवीन तक्ता केला. भाकरी पोटभर. मोडाची मटकी नाहीतर हरभऱ्याची उसळ रोज. जवसाची चटणी रोज दोन चमचे. घोळ, अंबाडी, मिळेल ती भाजी. करडीचं तेल बेतानं, पण बंद नाही. दूध साय काढून, चहात आणि भाकरीबरोबरही. सायकल चालू, पण पोटात काही घालूनच. त्यात "वर्ज्य"ची यादी होती, पण खाली, लहान अक्षरांत.

सहा महिन्यांनी सरांच्या गालांवर मांस दिसायला लागलं आणि आकडा थोडासा उतरला. अगदी थोडा. धोक्याच्या रेघेच्या बराच वरच होता. जवसानं उतरला, हरभऱ्यानं उतरला, की लॅबच्या मशीनची मर्जी, ते मला सांगता आलं नाही. डॉक्टरांनाही नाही. त्याच महिन्यात काशिनाथअप्पा अगदी नॉर्मल आले आणि खूश होऊन माझ्यासाठी पेढे घेऊन आले. बाहेर पडताना हळूच म्हणाले, "बाई, आता खरं सांगतो. तूप म्या सोडलंच नव्हतं."

पेढ्यांची पेटी टेबलावर ठेवून मी अप्पांचा आणि सरांचा कागद शेजारी शेजारी मांडला. ज्यानं काहीच पाळलं नाही तो पास आणि ज्यानं सगळं पाळलं तो नापास. अशा विषयात मी पगार घेत होते.

अप्पा पुढं ऐंशीच्या पलीकडं गेले. त्यांच्या पत्नीनं मात्र माझं ऐकलं होतं. घरात तूप फक्त अप्पांच्या ताटात चोरून जायचं, बाकीच्यांसाठी वनस्पतीचा डबा. सणापुरतं सांगितलेलं रोजचं झालं. त्या बाईंना साठीतच अर्धांगवायू झाला. पुढं काही वर्षांनी कळलं की वनस्पती तूप हे तुपापेक्षाही वाईट. त्यांच्या आजारपणाला माझं वाक्य कारण, असं मी म्हणत नाही. नाही, असंही मला म्हणता येत नाही. भेटायला गेले की त्या चांगल्या हातानं माझा हात धरायच्या आणि सुनेला सांगायच्या, "ह्या बाईनं अप्पांना वाचवलं."

पुढं आम्ही नांदेडला परत आलो. मी तिथंही हेच काम करत राहिले आणि शास्त्र माझ्या पायाखालून सरकत राहिलं. अंडं आधी विष होतं, मग चालेल झालं. शेंगदाणा वर्ज्य होता, तो चांगल्यांत जाऊन बसला. एकच आकडा असायचा, त्याचे चांगला आणि वाईट असे दोन झाले. माझ्याच अक्षरातला जुना तक्ता घेऊन कुणी आलं की मी तो हळूच टेबलाखाली सारायची आणि नवा द्यायची. किनवटकडचा एक म्हातारा एकदा म्हणाला, "बाई, तुमचं बी सरकारसारखंच हाय. दर साली नवा कायदा." मी हसले. मनातून हसले नाही.

सोनकांबळे सर वर्षातून एकदा पत्र लिहायचे. सुवाच्य अक्षर, तब्येतीचा आकडा, शाळेची हकीकत. चाळिसावं वर्ष लागलं त्या वर्षीच्या पत्रात आकड्याखाली एकच ओळ होती, "वडिलांच्या वयाचा झालो." ते पत्र मी यजमानांना वाचून दाखवलं आणि घडी घालून कपाटात जपून ठेवलं. मग कोलेस्टेरॉलची ती गोळी निघाली, हळूहळू आपल्याकडंही पोचली. डॉक्टरांनी सरांना सुरू केली आणि दोन महिन्यांत आकडा असा कोसळला, की मी तो वाचून पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. दहा वर्षं दोन बायकांनी मिळून जे केलं होतं, त्याच्या कितीतरी पट त्या एवढ्याशा गोळीनं केलं होतं. आनंद झालाच. पण मग आम्ही दहा वर्षं काय करत होतो, हा प्रश्नही पडला. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "गोळी येईपर्यंत माणूस टिकवला." मी विचारलं, "पथ्यानं टिकला?" ते म्हणाले, "असेल." डॉक्टर लोक "असेल" किती सहज म्हणतात.

पन्नाशीत सरांना एक झटका येऊन गेला, सौम्य. त्यातून निभावले. नोकरी पुरी करून निवृत्त झाले आणि त्या उन्हाळ्यात तिघं नांदेडला आले, सर, कमलवहिनी आणि लेक. लेक किनवटच्या बाजूला आश्रमशाळेत शिक्षिका झालेली. तिच्या रक्तात बापाचाच आकडा उतरला होता, पण तो लहानपणीच सापडला होता, कारण बाप स्वतःहून दवाखान्याची पायरी चढला होता. मुलाला काही नव्हतं. हा आजार निम्म्या पोरांत उतरतो, तो निम्मा वाटा मुलीकडं आला, असं सर हसून म्हणाले. मुलगी गोळी घेत होती, रोज पळायला जात होती.

चहा झाला. साखर कमी, दूध भरपूर. सरांनी कप खाली ठेवला.

"म्याडम, लई वर्षांपासून एक विचारायचं होतं. मी तुमच्या पथ्यानं जगलो, गोळीनं जगलो, का नुसताच जगलो?"

उभ्या नोकरीत पेशंटनं विचारलेल्या प्रश्नाला मी काहीतरी उत्तर दिलेलं आहे. बरोबर, चूक, पुढं खोटं ठरलेलं, पण दिलं आहे.

"सर," मी म्हणाले, "मला माहीत नाही."

मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असावं. कमलवहिनी नवऱ्याकडं बघत होत्या, तोंडाकडं नाही, डोक्याकडं.

"ह्यांच्या घरात केस पिकलेला बाप्या म्या पहिल्यांदाच बघून राहिले," त्या म्हणाल्या. "कशानं पिकले ते काय करायचंय?"

सरांनी दोन्ही हातांनी केस मागं सारले, आणि एवढा मोठा निवृत्त मास्तर, लेकीसमोर लाजला.